अदृश्य उंदरीची फाईल

शेरेबाईंनी स्वतःच्या लग्नाच्या रजेचा अर्ज स्वतःच परत पाठवला होता. ही ऐकीव गोष्ट नव्हे. तो अर्ज त्यांच्या कपाटात अजून आहे, घरच्या सगळ्यांनी पाहिलेला. कचेरीच्या रजा विभागात त्या तेव्हा नव्याने लागल्या होत्या. सगळ्यांचे अर्ज तपासणीसाठी आधी त्यांच्या टेबलावर येत, तसा त्यांचाही आला. त्यांनी तो वाचला, खाली तारीख घालायची राहिल्याचे पाहिले आणि लाल शाईने शेरा मारला, "तारीख नाही. त्रुटीपूर्ततेसाठी परत." मग शिपायाच्या हातून तो स्वतःलाच परत घेतला, तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सादर केला.

शिपाई म्हणाला, "बाई, कालच घातली असती तारीख तर?"

"मग अर्ज करणारी आणि तपासणारी एकच झाली असती."

"एकच आहात की!"

"कागदावर नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून नाव पडले ते पडलेच. घरी नवराही लाडात आला की शेरेबाईच म्हणायचा. तेहेतीस वर्षे बाई नाकासमोर चालल्या. पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही, ती म्हणजे निर्णय. 'नियमात बसते' किंवा 'नियमात बसत नाही' एवढे लिहायचे आणि खाली 'निर्णयार्थ सादर' म्हणून कागद साहेबांकडे. नऊ साहेब बदलले. कोणी रागीट होते, कोणी झोपाळू, एक तर फाईल उलटी धरून सही करायचा. पण निर्णय साहेबांचा, टिपणी बाईंची. रात्री देवासमोर हात जोडताना बाई हेच म्हणत, देवा, मी फक्त पुढे पाठवते.

निवृत्त झाल्या आणि कागद थांबले. पहिले वर्ष फार जड गेले. मुलाने फ्रीजवर चिठ्ठी लावली, 'यायला उशीर होईल', की संध्याकाळी तिच्यावर लाल अक्षरात दिसे, 'किती?' वाण्याच्या यादीत साबण दोनदा आला तर 'पुनरुक्ती'. नवरा तोवर देवाघरी गेलेला. घरात मुलगा आणि सून. मुलगा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नळांचे नकाशे काढायचा. सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून पुसून घरी यायची आणि आल्यावर फार बोलायची नाही.

बोलायची ती रविवारी. दर रविवारी दुपारी तीन वाजता बाहेरच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर खेळ मांडला जायचा. हा खेळ सांगायला सोपा नाही. त्यात जिंकणे-हरणे नाही, बहुतेक सगळे तोंडाने. एकजण सूत्रधार. तो सांगतो, तुमच्यासमोर किल्ला आहे, दार बंद आहे, काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे आणि त्या पात्राने काय केले ते सांगायचे. जमले की फसले ते वीस बाजूंचा एक फासा टाकून ठरवायचे. आणि फाशानेही ठरत नसेल तेव्हा नियमांचे जाडजूड पुस्तक. मुलगा सूत्रधार, नळांच्या नकाशांवर हात बसलेला असल्याने त्याच्या किल्ल्यांतली गटारेसुद्धा बरोबर असायची. चष्म्यांचे दुकान चालवणारा त्याचा शाळासोबती, चष्मेवाला, जादूगार व्हायचा. समोरच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येता येता मित्र झालेला लिफ्टवाला ढाल घेऊन पुढे उभा राहणारा सैनिक व्हायचा. आणि सून व्हायची चोर. तिच्या चोराचे नाव उंदरी.

शेरेबाई या वेळात स्वयंपाकघरात, दाराआडच्या खुर्चीवर. "तुमचा गोंधळ संपला की सांगा," असे दर रविवारी म्हणायचे आणि तांदळाचे ताट मांडीवर घेऊन बसायचे. तांदूळ निवडून झाले की तेच पुन्हा निवडायचे. चार वर्षांत उंदरीने किती कुलपे उघडली हे त्या टेबलावरच्या कोणापेक्षाही शेरेबाईंना जास्त पाठ होते. पण हे त्यांनी देवाशिवाय कोणालाही कळू दिले नव्हते.

त्या रविवारी मंडळी राक्षसांच्या किल्ल्यात शिरली होती. जादूगाराने दिवसातला आपला एकुलता एक मंत्र खर्चून उंदरीला अदृश्य केले. ती जेवणघराच्या तुळईवर चढली. खाली दोन राक्षस, एक जेवायला बसलेला, दुसरा दाराशी धनुष्य घेऊन. मध्ये साखळीने टांगलेले चाळीस दिव्यांचे लोखंडी झुंबर. सून म्हणाली, "मी साखळीचा आकडा सोडते."

फासा चांगला पडला. मुलगा रंगात येऊन उभाच राहिला. झुंबर कसे सुटले, कसे आदळले, राक्षसाचे डोके कसे ताटात गेले, तेल कसे सांडले, सगळे हातवारे करून सांगितले. लिफ्टवाल्याने टाळी वाजवली. स्वयंपाकघरात तांदळाचे ताट कलंडले.

आणि चष्मेवाला म्हणाला, "एक मिनिट."

या 'एक मिनिट'चे मूळ एका गाढवात होते. सहा महिन्यांपूर्वी जादूगाराचे सामान वाहणारे गाढव दलदलीत गेले, तेव्हा सुनेने पुस्तकातून नियम काढून दाखवला होता की लादलेले गाढव पोहू शकत नाही. गाढव गेले. चष्मेवाल्याने चेहऱ्यावर दाखवले नाही, पण मनात ठेवले.

"पान एकशे बारा," तो म्हणाला. "अदृश्य व्यक्तीने कोणावरही हल्ला करताच जादू संपते. उंदरीने हल्ला केला. म्हणजे ती दिसायला लागली. दाराशी धनुष्यवाला आहे. तिच्यात प्राण किती उरलेत?"

"दोन," लिफ्टवाल्याने वही बघून सांगितले.

"आणि राक्षसाचा बाण आठ प्राणांचा. संपली उंदरी."

"मी कुठे हल्ला केला?" सून म्हणाली. "मी आकडा सोडला. पडलं ते झुंबर."

"म्हणजे उद्या मी कोणाच्या डोक्यावर कुंडी सोडायची आणि म्हणायचं, पडली ती कुंडी?"

"तू काय, चार चार तास नियमावर नियम लावत बसशील. तुझ्या गाढवाचं दुःख आहे ते सांग ना सरळ!"

"गाढवाला मध्ये आणू नकोस!"

दोघे मुलाकडे वळले. मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बायकोच्या बाजूने बोलावे तर मित्र म्हणणार, घरचा न्याय. मित्राच्या बाजूने बोलावे तर बायकोचे चार वर्षांचे पात्र आपल्याच हाताने मारायचे आणि रात्री त्याच घरात जेवायचे. त्याने पुस्तक उघडले, मिटले, पुन्हा उघडले. शेवटी म्हणाला, "आज इथेच थांबू."

पुढचा रविवार आला, पण मंडळी आली नाही. टेबलावर नुसते जेवण झाले. मुलगा 'मीठ दे' म्हणाला तर सुनेने मीठ दिले, पण बशी अशी सरकवली की ती शेरेबाईंसमोर येऊन थांबली.

दुपारी सून भांडी घासता घासता एकदम म्हणाली, "आई, उंदरी मेली तर मी पुन्हा त्या टेबलावर बसणार नाही. लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर मला या घरात कोणाशी काय बोलावं कळत नव्हतं. पहिल्यांदा मोठ्याने हसले ती उंदरी होऊन. तुम्हाला वाटेल काय पोरखेळ आहे."

शेरेबाई घासलेली भांडी पुसू लागल्या. पुसता पुसता त्यांनी मनात हिशेब मांडला. सून टेबलावरून उठली की खेळ मोडणार. खेळ मोडला की रविवारची दुपार आठवड्यातल्या कुठल्याही दुपारसारखी, आणि तांदूळ एकदाच निवडायचे.

संध्याकाळी मुलगा पुस्तक काखेत मारून स्वयंपाकघरात आला. "आई, तू तेहेतीस वर्षं नियमच वाचलेस. हे एवढं बघतेस? तू सांगशील ते सगळे मानतील. विचारून आलोय."

शेरेबाईंनी हात पुसले. पुस्तक घेतले. किती दिवसांनी कोणी त्यांच्यापुढे कागद ठेवला होता! त्या आतल्या खोलीत गेल्या, ऑफिसचा जुना चष्मा काढला, लाल पेन झटकून पाहिले आणि एका कोऱ्या फाईलवर लिहिले, 'विषय: उंदरी (चोर) हिच्या अदृश्यतेबाबत.'

मंगळवारी टेबलावर प्रश्नावली आली. अकरा प्रश्न, प्रत्येकी उत्तरासाठी दोन ओळी. मुलगा वाचत गेला तसा त्याच्या कपाळावर घाम आला.

"आई, हे काय? 'अदृश्य व्यक्तीच्या हातातले सामान अदृश्य होते असा नियम आहे. सबब साखळी हातात घेताच साखळी अदृश्य झाली काय?'"

"झाली ना?"

"झाली असेल."

"मग पुढचा वाच."

"'झाली असल्यास साखळीस टांगलेले झुंबर हेही हातातले सामान धरावे काय? धरल्यास, साखळी ज्या तुळईस आहे ती तुळई, आणि तुळई ज्या किल्ल्यास आहे तो किल्ला...' आई! किल्ला कसा अदृश्य होईल?"

"तेच विचारतेय. कुठेतरी रेघ मारावी लागेल. ती कुठे मारली आहे ते पुस्तकात नाही. मला न विचारता तुम्ही चार वर्षं खेळता कसे?"

"आणि हा सातवा? 'राक्षस काय जेवत होता?'"

"तो असू दे. फाईल पूर्ण असावी."

आठवडाभर घरात पक्षकारांची ये-जा सुरू झाली. बुधवारी सुनेने चहा आणून दिला. शेरेबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "आज साखर दीड चमचा आहे."

"तुम्हाला आवडते म्हणून..."

"मला चार वर्षांपासून आवडते. आजच कशी दीड झाली?" त्यांनी फाईलच्या कडेला बारीक अक्षरात नोंद केली. सून लाल झाली, मग तिला हसू आले, मग तिने ते दाबले.

गुरुवारी चष्मेवाला जिना चढून आला. हातात मऊ फडके. "काकू, सहज आलो होतो. तुमच्या चष्म्याच्या काचा पुसून देऊ? फार मळल्यात."

"निकाल लागेपर्यंत मळक्याच बऱ्या."

"तसं नाही हो काकू. मी फक्त एवढंच म्हणतो की नियम म्हणजे नियम."

"आणि गाढव?"

चष्मेवाल्याने फडके खिशात घातले. "तुम्हाला कोणी सांगितलं गाढवाचं?"

आता आली पंचाईत. शेरेबाईंनी तांदळाच्या ताटाकडे पाहिले. "भिंती पातळ आहेत," त्या म्हणाल्या.

लिफ्टवाला तेवढा काही मागायला आला नाही. त्याने मुकाट्याने आपली वही आणून दिली. लिफ्ट पाहून आल्यावर नोंद करायची त्याची सवय खेळातही होती, आणि भाषाही तीच. शेरेबाईंना ती वही वाचताना भरून आले. 'किल्ला. दार जाम. तेल घातले. उघडले.' 'दलदल. गाढव खाली गेले. वर आले नाही.' असा माणूस आपल्या विभागात असता तर, असे त्यांना वाटून गेले.

पण शनिवार उजाडला तरी टिपणी पुरी होईना. नियम एकीकडे, सून एकीकडे. कितीही फिरवून वाचले तरी आकडा सोडणे हा हल्लाच होता. खाली राक्षस आहे हे बघूनच तर सोडला. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाच्या बाजूने वाकडी रेघ मारली नव्हती. लग्नाच्या रजेत मारली नाही, ती आता उंदरीसाठी मारायची? संध्याकाळी देवासमोर बसून त्या पुटपुटल्या, "देवा, खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहवत नाही. काही मार्ग दाखव."

तेवढ्यात आठवले, दूध आणायचे राहिले. पिशवी घेऊन त्या दाराबाहेर पडल्या आणि जिन्यात पाऊल टाकताच बल्ब टप्प करून गेला. डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख. कठडा धरून त्या चार पायऱ्या उतरल्या आणि खालून येणाऱ्या कोणावर तरी आदळल्या. काहीतरी खडखडत, टपटपत पायऱ्यांवरून खाली गेले.

"आई गं! कोण आहे?"

"मीच गं. तू कधी आलीस?"

"आत्ताच येतेय! आई, हलू नका, पाय उचलू नका! दात सांडलेत."

"कोणाचे?"

"गिऱ्हाइकांचे! तीन कवळ्या होत्या डब्यात. सोमवारी द्यायच्यात."

सासू-सून जिन्यात गुडघ्यांवर बसून अंधारात चाचपडू लागल्या. शेरेबाईंच्या हाताला एक पूर्ण जबडा लागला, तेव्हा त्यांच्या तोंडून देवाचे नाव निघाले. "हा कोणाचा?"

"दिसत नाही ना! खालचा आहे की वरचा?"

"मला कसं कळणार? मी काय कवळ्यांच्या विभागात होते?"

सून फिसकन हसली. आठवडाभरात पहिल्यांदा. मग म्हणाली, "मी समोरून येतेय ते तुम्हाला दिसलंच नाही?"

"कसं दिसणार?"

"एवढी मोठी बाई समोरून येतेय आणि दिसत नाही. मी काय अदृश्य आहे?"

"तू कसली अदृश्य! अंधार आहे, म्हणून..."

आणि शेरेबाई कवळी हातात धरून तशाच थांबल्या.

"आई? काय झालं? चावली का?"

"काही नाही," शेरेबाई म्हणाल्या. "दात शोध. मला वर जायचंय. वही बघायचीय."

"आणि दूध?"

"दूध गेलं उडत!"

मार्ग दाखव म्हटले, तर देवाने दिवाच काढून घेतला. देवाची तऱ्हा.

रविवारी तीन वाजता सगळे टेबलाभोवती बसले. शेरेबाई आज पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत, भिंतीकडच्या खुर्चीत. मांडीवर ताट नाही, फाईल. त्यांनी घसा साफ केला.

"मुद्दा एक. साखळी सोडणे हा हल्ला आहे काय? खाली राक्षस आहे हे उंदरीस माहीत होते. सोडलेली वस्तू खाली जाते, हेही माहीत होते. झुंबरास स्वतःची इच्छा नसते. सबब जाणूनबुजून सोडलेले झुंबर हा सोडणारीचाच हल्ला होय. नियमाप्रमाणे जादू संपली."

सुनेची खुर्ची मागे सरकली. चष्मेवाल्याने टेबलावर थाप मारली. "मी काय म्हणत होतो!"

"खाली बस," शेरेबाई त्याला म्हणाल्या. मग सुनेला, "तूही बस. फाईल संपलेली नाही." सून उभीच राहिली, पण गेली नाही.

"मुद्दा दोन. जादू संपली म्हणजे उंदरी इतर चोरांसारखी झाली. इतर चोरांस कोणी पाहिले की नाही, हे जादूवर अवलंबून नसते. ते उजेडावर असते." त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिले. "त्या जेवणघरात झुंबर सोडून दुसरा दिवा होता?"

मुलाने नकाशा ओढला. "नाही."

"खिडकी?"

"किल्ला डोंगराच्या पोटात आहे. खिडकी कुठली?"

"चूल?"

"स्वयंपाकघर वेगळं आहे. मध्ये दार आहे." त्याने नकाशावर बोट ठेवले. "बंद."

"लिफ्टवाला यांची वही, पान चाळीस." शेरेबाईंनी वही त्याच्यापुढे सरकवली. "वाच मोठ्याने."

लिफ्टवाल्याने वाचले, "'झुंबर पडले. राक्षस एक बंद, एक चालू. तेल सांडले. दिवे सर्व बंद. भांडण. चहा.'"

मुलगा आपल्याच नकाशाकडे पहिल्यांदा पाहत असल्यासारखा बघत राहिला. दोन आठवडे सगळे जादू गेली की राहिली यावर डोके फोडत बसले होते, आणि चाळीस दिवे आपण विझवले हे कोणाच्याच ध्यानात नव्हते.

चष्मेवाला भानावर आला. "पण राक्षसांना अंधारात दिसतं!"

"कुठल्या पानावर?"

त्याने पुस्तक भराभर चाळले. राक्षसांचे पान निघाले. उंची होती, भूक होती, स्वभाव होता. डोळ्यांबद्दल काही नव्हते. "लिहिलं नाहीये. पण असणारच ना काकू. राक्षस आहेत ते!"

"ज्याला अंधारात दिसतं तो रोज चाळीस दिव्यांत तेल कशाला घालील? सातव्या प्रश्नाचं उत्तर बघ. राक्षस मासे जेवत होता. काटे काढायला उजेड लागतो." शेरेबाईंनी आपला चष्मा बोटाने वर सरकवला. "आणि तू रे, गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतोस, तेव्हा दुकानातला दिवा लावतोस की नाही?"

"लावतो," चष्मेवाला खाली मान घालून म्हणाला.

"तुला तरी आठवायला हवं होतं बाबा."

लिफ्टवाला खो खो हसला. तो हसतो हे तोवर कोणाला माहीत नव्हते. सून हळूच खुर्चीच्या कडेवर टेकली.

शेरेबाईंनी फाईल मिटून मुलापुढे ठेवली. "वस्तुस्थिती ही अशी. निर्णयार्थ सादर."

मुलाने ती परत सरकवली. "निर्णय तूच लिहायचाय."

"मी? मी निर्णय देत नाही. मी पुढे पाठवते."

"पुढे कोणी नाही, आई. तुझ्या वर आता साहेब नाही."

शेरेबाईंनी छताकडे पाहिले. "वर एक आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याने बल्ब घालवून आपलं म्हणणं कळवलंय. आता सहीसाठी त्याला कुठे खाली बोलावू?"

त्यांनी लाल पेन उघडले. मिटलेली फाईलही उघडली. लिहिले, 'उंदरी दिसण्याजोगी झाली आहे, परंतु कोणासही दिसलेली नाही. राक्षसाने बाण अंधारात सोडावा.' खाली सही, आणि सहीखाली तारीख. नोकरीतल्या आणि नोकरीबाहेरच्या सगळ्या आयुष्यातला हा त्यांचा पहिला निर्णय.

"मान्य," मुलगा म्हणाला. "पण बाण सुटणारच. अंधारातला बाण अठरा किंवा जास्त पडलं तरच लागतो. लागला तर लागला."

सुनेने डोळे मिटले. मुलाने फासा मुठीत घोळवला आणि टाकला. फासा टेबलावर आपटला, नाचला, काठावरून उडी मारून कपाटाखाली गेला.

पाचही माथी जमिनीला लागली. "काही दिसत नाही!" "तू बाजूला हो, सावली पडतेय!" "काकू, कपाटाखालचा फासा धरायचा का?"

"पडला तिथे धरायचा," शेरेबाई गुडघ्यांवरून म्हणाल्या. "हलवायचा नाही. उजेड आणा!"

लिफ्टवाल्याने खिशातली विजेरी काढली. चष्मेवाल्याने आपला चष्मा पुसला, गाल फरशीला टेकवला आणि बराच वेळ पाहत राहिला. आता खोटे बोलायचे असते तर तो बोलू शकला असता. कपाटाखाली एकाच माणसाचे डोके जात होते.

"तीन," तो म्हणाला. मग डोके बाहेर काढून, "तीन आहे गं. वाचली तुझी उंदरी."

सुनेने असा काही आवाज केला की खालच्या मजल्यावरून कोणीतरी विचारले, सगळे ठीक आहे ना. राक्षसाचा बाण, मुलाने सांगितले, त्याच्याच दोस्ताच्या ताटातल्या माशात जाऊन रुतला. आणि उंदरी काळोखात भिंत चाचपत दाराकडे निघाली. तिच्यामागे जादूगार आणि सैनिकही, कारण अंधार सगळ्यांनाच सारखा होता. पुढचे दोन तास तिघे एकमेकांच्या पायांवर पाय देत किल्ल्यात फिरले. त्यात सैनिकाने जादूगाराला राक्षस समजून ढाल हाणली. "याचाही निकाल काकूंकडून लावायचा!" चष्मेवाला ओरडत होता.

रात्री जेवताना सून म्हणाली, "आई, निकाल तर तुम्ही माझ्याविरुद्धच दिलात."

"दिला."

"मग मी वाचले कशी?"

"नियम तुझ्या बाजूने नव्हता. काळोख होता. त्याला मी काय करणार?" शेरेबाईंनी भात वाढून घेतला. सुनेने मीठ मागितले, मुलाने दिले, आणि या वेळी बशी बरोबर जागी गेली.

पुढच्या रविवारी तीनला पाच मिनिटे कमी असताना शेरेबाई बाहेर आल्या आणि सुनेपुढे एक कागद ठेवून परत दारापर्यंत गेल्या. सून वाचू लागली. 'विषय: खेळात प्रवेश मिळण्याबाबत. महोदया, मी गेली चार वर्षे खेळास स्वयंपाकघरातून नियमित हजर आहे. तरी मला एक पात्र मिळावे. पात्र: दोन्ही हातांनी कुऱ्हाड चालवणारी रानटी बाई. कोणाचेही ऐकत नाही. लिहिता-वाचता येत नाही.'

सुनेने कागद खालपर्यंत पाहिला. मग मागेही पाहिला. मग टेबलावरचे लाल पेन उचलले, काहीतरी लिहिले आणि कागद लिफ्टवाल्याच्या हाती दिला. लिफ्टवाल्याने तो चष्मेवाल्याकडे दिला, चष्मेवाल्याने मुलाकडे, मुलाने उठून आईकडे.

'तारीख नाही. त्रुटीपूर्ततेसाठी परत.'

शेरेबाईंनी तो शेरा दोनदा वाचला. सुनेकडे पाहिले. सून फासा हातात घेऊन अगदी साहेबी चेहऱ्याने समोर बघत होती, पण ओठांची टोके काही तिचे ऐकत नव्हती.

या वेळी बाईंनी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. दाराआडची खुर्ची उचलून त्यांनी टेबलापाशी आणली, उभ्या उभ्याच तारीख घातली, आणि बसल्या.

"हं," त्या मुलाला म्हणाल्या. "समोर काय आहे? दार का? फोडते."